खाडीत भिजलेलं सोडण

“आई, तू कोण आहेस हे तरी त्यांना कळतं का?”

उदयने खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नव्हती. ओटीवर उभ्या उभ्या विचारलं, आणि तेही आरामखुर्चीत बसलेल्या बापासमोर. मी म्हटलं, “आधी पाय धू. आणि असलं काही विचारायचं असेल तर आत येऊन विचार, ते ऐकतायत.”

“बरं,” हे म्हणाले.

“बघ!” मी म्हटलं.

“आई, ते सगळ्यालाच बरं म्हणतात.”

ते काही खोटं नव्हतं. त्याच्या चौदा महिने आधी ह्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, म्हणजे एक शब्द तेवढा मागे राहिला. भूक लागली की बरं, पाठ दुखली की बरं, राग आला की तेच बरं, फक्त ओरडून. वनखात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस हो! वासुदेव कोचरेकर वनपाल म्हटलं की आंबोलीच्या जंगलात लाकूडचोर कुऱ्हाड टाकून पळायचे. त्या माणसाला पाणी हवं असलं तरी डोळे वटारून बरं बरं करत बसावं लागत होतं.

मला मात्र सूर ओळखू यायचा. पाण्याचं बरं वेगळं, लघवीचं वेगळं. पण हे मी कोणाला सांगितलं की लोक मान हलवायचे आणि मला चहा करून द्यायचे.

उदय पुण्याला नोकरीला. आदल्या दिवाळीत आला होता तेव्हा ह्यांनी त्याच्यादेखत साबणाची वडी चावली होती. फेस आला तोंडाला, पोरगा घाबरला. डॉक्टर त्याला म्हणाले, वस्तू तोंडात घालायला लागले की समजायचं, बुद्धी उतरतेय. तेव्हापासून त्याने फोनवर एकच धोशा लावला होता. बेळगावकडे एक संस्था आहे, असे पेशंट ठेवतात, चोवीस तास माणसं असतात, आई तू साठीची झालीस, एकटी किती उचलणार आहेस त्यांना? आणि ज्यांना काही कळतच नाही त्यांना घर काय आणि संस्था काय.

“कळतं त्यांना,” मी म्हणायची. “सगळं कळतं.”

शेवटी आमच्यात ठरलं. संस्थेतली जागा महिनाअखेरपर्यंत राहणार होती. उदयने माघात चार दिवस यायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. त्याला पटलं की बाबांना कळतं, तर ते घरीच राहतील. नाही पटलं तर मी आडवी येणार नाही. मी शब्द दिला होता. आणि माघ महिना मी मुद्दाम सांगितला होता, कारण माघात ह्यांच्या कुंड्या भरायच्या असतात.

आता कुंड्यांचं सांगायला हवं. आमचं घर वेंगुर्ल्याच्या पुढे, खाडीच्या काठाला. मागच्या अंगणात ह्यांनी बांबूचा मांडव घातला होता आणि त्याला तेवीस ऑर्किडं टांगलेली होती. पावसाळ्यात जंगलात फांद्या मोडून पडतात, त्यांच्यावरची उचलून आणलेली. उभ्या झाडावरचं एकही नाही, त्या बाबतीत फार कडक. निम्मी तर सीतेची वेणीच होती. वैशाखात तिचे गुलाबी घोस खाली लोंबायला लागले की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. मी मात्र तीस वर्षांत त्या मांडवाखाली पाय ठेवला नाही. माणूस नोकरीवरून पंधरा दिवसांनी घरी यायचा आणि चहाही न घेता आधी तिकडे जायचा. मी त्यांना माझ्या तेवीस सवती म्हणत असे. हसायचे नुसते.

ही झाडं मातीत लावली तर मरतात. त्यांच्या मुळांना वारा लागतो. म्हणून भोकं पाडलेल्या कुंडीत खाली कोळसा, त्यावर विटेचे खडे आणि मग नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचे तुकडे. कोळसा आणि विटा तशाच राहतात, पण सोडण दोन पावसाळ्यांत कुजून त्याचा भुगा होतो आणि मुळं गुदमरतात. मग दर दुसऱ्या माघात ते काढून नवं भरायचं. त्यासाठी हे आधी घरची सोडणं पिंपात टाकून आठ-आठ, दहा-दहा दिवस भिजत ठेवायचे, रोज जुनं पाणी ओतून नवं भरायचे. त्यावरून आमची भांडणं. “विहिरीचा तळ दिसायला लागलाय, आणि तुम्ही सवतींना न्हाऊ घालताय!” दुसरं भांडण तंबाखूचं. त्या पिंपापाशी उभं राहून हे काहीतरी चघळायचे आणि कुंपणाकडे तोंड करून थुंकायचे. मी दोनदा रंगेहाथ पकडलं. “भरला का बार?” असं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले की हात झाडून दाखवायचे. माझा काडीइतका विश्वास बसला नाही.

त्या वर्षी घरात सोडण नव्हतं. सगळं मी न्हाणीच्या चुलीत जाळून टाकलं होतं. आजारी माणसाच्या घरात गरम पाणी किती लागतं ते ज्याचं त्याला माहीत. उदयचं येणं दोन दिवसांवर, आणि माझं तर सगळं त्या कुंड्यांवर अवलंबून! मग मला सगुणा आठवली.

सगुणा म्हणजे पलीकडच्या वाडीतली, काथ्याचे दोर वळणारी. तिचा खाडीत चिखलाचा खड्डा होता. त्यात सोडणं सहा-सहा महिने दाबून ठेवायची, मग काढून बडवायची. मी गेले तेव्हा ती बडवायलाच बसली होती.

“सगुणा, सोडण देशील का गं? ह्यांच्या कुंड्यांना.”

“न्हेवा वैनी, व्हयां तितक्यां न्हेवा,” ती म्हणाली आणि एक सोडण उचलून माझ्या हातात दिलं. “ह्यां बघा. सा म्हयने भिजलला आसा.”

खरंच, हाताला लोण्यासारखं मऊ. मी मनात म्हटलं, घ्या! हे दहा दिवस भिजवून पाण्याची नासाडी करतात, इथे सहा महिने भिजलेलं आयतं मिळतंय. एवढी साधी गोष्ट ह्यांना तीस वर्षांत सुचली नाही! बांबूची मोठी टोपली, हाराभर घेऊन आले. खाडीच्या चिखलाचा वास येत होता म्हणून एकदा विहिरीच्या पाण्यातून खळबळून काढलं, उन्हात वाळवलं, कोयत्याने तुकडे केले. ह्यांना काही दाखवलं नाही. म्हटलं, त्या दिवशीच दाखवू, खूश होतील.

उदय आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांची खुर्ची मांडवाखाली नेली. अंगात स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. समोर स्टुलावर सुपात कोळसे ओतून ठेवले आणि बाजूला झाले. काही सांगितलं नाही, खूणही केली नाही. उदय चहाचा कप घेऊन न्हाणीच्या पायरीवर बसला होता, तोंडावर तीच दया.

हे थोडा वेळ सुपाकडे बघत राहिले. मग डावा हात सुपात गेला. मोठे कोळसे एका कडेला, लहान दुसऱ्या कडेला, आणि बोटाने दाबला की भुगा होतो तो उचलून खाली टाकायचा. हळूहळू, पण एकही चुकला नाही.

उदयने कप खाली ठेवला. उठून जवळ आला. एक कोळसा उचलून म्हणाला, “बाबा, हा?”

ह्यांनी मान हलवली. नाही.

“मग हा?”

“बरं,” हे म्हणाले आणि तो त्याच्या हातातून घेऊन मोठ्यांत ठेवला.

बाप-लेक दहा मिनिटं असे कोळसे निवडत बसले. उदयने उगाच एक विटेचा खडा मध्ये सरकवला तर ह्यांनी तो त्याच्याकडे फेकला आणि हसले. तोंड एका बाजूलाच वळायचं हसताना, पण हसलेच. उदयही हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आई, अगं, हे तर...” आणि पुन्हा कोळसे निवडायला वाकला. माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हटलं, जिंकले मी. बेळगाव गेलं खड्ड्यात.

“थांब,” मी म्हटलं, “अजून कुंडी भरायचीय. आता ते तुला भरून दाखवतील.” आणि पडवीतून तो हारा उचलून आणला. नव्या नवरीने पहिला स्वयंपाक पुढे मांडावा तसा मी तो त्यांच्यासमोर ठेवला. “अहो, बघा काय आणलंय. सगुणेकडचं. सहा महिने भिजलेलं!”

ह्यांनी एक तुकडा उचलला. नाकाशी नेला. माझ्याकडे बघितलं, हाऱ्याकडे बघितलं. आणि तो तुकडा त्यांनी तोंडात घातला.

“बाबा!” उदय म्हणाला.

हे चावायला लागले. गालात फिरवून फिरवून चावला आणि थुंकले. हनुवटीवरून लाळ स्वच्छ सदऱ्यावर ओघळली. मी पुढे होऊन पुसणार, तेवढ्यात त्यांनी दुसरा उचलला. तोही तोंडात. तोही चावून थुंकला.

“अहो, काय करताय? खायचं नाही ते! टाका बघू!”

“बरं,” हे म्हणाले. मग मोठ्याने, “बरं! बरं!” डोळे मोठे झाले होते. तिसरा तुकडा उचलला आणि या वेळी हात माझ्याकडे आला. मी वाकलेलीच होते. त्यांनी तो माझ्या ओठांवर धरला. मी तोंड बाजूला वळवलं तर हात मागोमाग आला. दाबायला लागले. चिखलाचा तो वास माझ्या नाकात गेला. मी ओठ गच्च मिटून घेतले.

“आई, बास,” उदय म्हणाला. “ते काथ्या खातायत. तुलाही भरवतायत.”

काय सांगू, त्या क्षणी मला लाज वाटली. पोरासमोर लाज. चौदा महिने मी सगळ्या जगाला सांगत होते ना, कळतं कळतं म्हणून. मी त्यांच्या हातावर फटका मारला. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तुकडा उडून कोळशांत पडला.

“साबण झाला, आता हे! लहान आहात का तुम्ही?”

ह्यांनी डावा पाय उचलून हाऱ्याला लाथ मारली. हारा कलंडला, तुकडे अंगणभर पसरले. “बरं! बरं! बरं!” असं ओरडत त्यांनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला आणि ते पडले असते, उदयने धरलं. त्याच्या मिठीतही ते हाऱ्याकडे बोट दाखवून ओरडत होते. उदय त्यांना घट्ट धरून “हो बाबा, हो, हो” म्हणत होता आणि रडत होता. मग ते एकदम गप्प झाले. माझ्याकडे बघत राहिले. मी मारलं म्हणून रागावले असं मला वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर उदय माजघरात माझ्याजवळ येऊन बसला. बेळगावचं नाव काढलं नाही. चांगला आहे माझा मुलगा, कोणी त्याला बोल लावू नये. मीच म्हटलं, “ने.”

“आई, नक्की?”

“शब्द दिला होता ना मी. ने.”

खरं सांगते, ते म्हटल्यावर मला हलकं वाटलं. चौदा महिने पाठीचा कणा मोडून निघाला होता. मध्येच जाग यायची की हे पडले तर नाहीत. ते सगळं संपणार म्हणून आत कुठेतरी बरं वाटलं, आणि त्याची मला आजतागायत शिसारी येते.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी आली. उदय त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “बाबा, काही दिवस बेळगावला जायचंय. चालेल ना?”

“बरं,” हे म्हणाले.

उदयने माझ्याकडे बघितलं. त्याला तो होकार हवा होता, त्याने घेतला. मला सूर कळत होता. तो होकार नव्हता. पण मीच ने म्हटलं होतं, आता कुठल्या तोंडाने बोलू? गाडीत बसवताना ह्यांनी मान वळवून मांडवाकडे बघितलं. मी म्हटलं, “माझ्या सवतींना मी सांभाळीन हो. काळजी करू नका.”

आणि सांभाळलं मी, माझ्या परीने. ते गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी कुंड्या भरायला घेतल्या. अंगणभर पडलेले तुकडे गोळा केले. जुना भुगा काढला, काळी पडलेली मुळं कात्रीने छाटली. कोळसा त्यांनीच निवडून ठेवलेला होता, तो आधी घातला, मग विटा, मग ते मऊ सोडण. एकेक कुंडी भरायला अर्धा तास लागायचा. पाच दिवसांत तेवीस कुंड्या. तीस वर्षं जिथे फिरकले नाही तिथे मांडी घालून बसले होते. भरताना मी त्यांच्याशी बोलत होते, सवतींशी. वेडीच झाले होते जवळजवळ. म्हटलं, हे परत आले की दाखवीन.

फाल्गुनात उदय मला बेळगावला घेऊन गेला. संस्था स्वच्छ होती, माणसं प्रेमाची होती. हे खिडकीपाशी बसलेले. फार वाळले होते. मला बघून डावा हात पुढे केला. मी तो हातात घेतला आणि आधी तेच सांगितलं, “अहो, मी तेवीसच्या तेवीस कुंड्या भरल्या. एकटीने. सगुणेचंच सोडण घातलं, सगळं पुरलं.”

त्यांनी हात सोडवून घेतला. बोटांची चिमूट केली आणि माझ्या तोंडाशी आणली. चिमटीत काही नव्हतं. मग तीच चिमूट स्वतःच्या तोंडाशी नेली, पुन्हा माझ्या.

“बरं?” ते म्हणाले. “बरं? बरं?”

“भूक लागलीय हो त्यांना,” तिथल्या मावशी म्हणाल्या. “सगळ्यांना अशीच खूण करतात. आम्ही लगेच काहीतरी भरवतो. काल रात्रीच्या भाताच्या वेळी तर माझ्याच तोंडाला हात लावत होते.”

मी लाडू करून नेले होते. एक फोडून त्यांना भरवला. त्यांनी खाल्ला. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मावशी म्हणाल्या, घरची चव ओळखली.

चैत्र संपता संपता फोन आला. झोपेतच गेले म्हणाले. दहन तिकडेच केलं. उदय अस्थी घेऊन आला आणि दिवस इथे घातले.

कुंड्यांचं तर त्याआधीच सुरू झालं होतं. पानांची टोकं काळी पडायला लागली होती, मग ते काळं हळूहळू खाली सरकायला लागलं. मुळं बाहेरून हिरवी दिसायची ती तपकिरी होऊन सुकली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी दोनदा घालायला लागले. लोक भेटायला यायचे, मांडव बघायचे आणि म्हणायचे, मालक गेल्याचं झाडांना कळतं हो, दुःखाने वाळतात. मलाही ते पटलं होतं. बरं वाटायचं ऐकून की कोणीतरी त्यांच्यासाठी तसं करतंय.

तेराव्यानंतर चार दिवसांनी आंबोलीहून लवू गावडे आले. ह्यांच्या हाताखालचे जुने वनरक्षक, पन्नाशीचे असतील. झटक्याच्या वेळी येऊन गेले होते, त्यानंतर आताच. चहा झाल्यावर म्हणाले, “वहिनी, साहेबांची झाडं बघून येऊ?”

“बघा. काही उरलं नाही त्यांच्यात.”

मी त्यांच्यामागून गेले. गावडे एका सीतेच्या वेणीपाशी थांबले. पान हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मुळाजवळ बोट घातलं. मग कुंडीतला सोडणाचा एक तुकडा काढला, नाकाशी नेला आणि तोंडात घातला.

मी तिथेच उभी राहिले.

गावड्यांनी तो गालात फिरवून फिरवून चावला. कुंपणाकडे तोंड करून थुंकले. मग दुसऱ्या कुंडीतला घेतला, तोही चावला, थुंकला. रुमालाने तोंड पुसलं.

“वहिनी, हे खाडीतलं सोडण का?”

“हो. सगुणेकडचं. सहा महिने भिजलेलं.”

“खाऱ्या पाण्यात भिजलंय. मीठ मुरलंय सगळं. मिठाने मुळं जळतात हो यांची.” मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, “तुम्हाला कसं माहीत असणार? आम्हाला तरी कुठे माहीत होतं. साहेबांनीच शिकवलं. किनाऱ्याकडचं सोडण आलं की आधी चावून बघायचे, म्हणायचे जीभ खोटं सांगत नाही. खारट लागलं की पिंपात टाक, रोज पाणी बदल, आणि चव जाईपर्यंत कुंडीला लावू नकोस. साहेब तर दर दिवसाला चावून बघायचे.”

“पिंपापाशी उभं राहून?”

“हो.”

“आणि कुंपणाकडे थुंकायचे.”

“हो, मग गिळणार कसं?” गावडे म्हणाले. “तुम्ही बघितलं असेल ना.”

त्यांच्या हातात अजून एक तुकडा होता. मी हात पुढे केला. त्यांनी दिला. मी तोंडात घातला आणि चावला. तीन महिने पाणी घालूनसुद्धा खारट लागत होता. मी थुंकले नाही, गिळला. गावडे “वहिनी, अहो वहिनी” करत राहिले.

ते गेल्यावर मी काही झाडं वाचतात का बघितलं. सगळं सोडण उपसलं, मुळं धुतली, गावड्यांनी आंबोलीहून पाठवलेलं दुसरं भरलं. श्रावणापर्यंत एकेक करून तेवीसही गेली. सगुणेचं उपसलेलं सोडण मी फेकलं नाही. सगळी गेल्यावर ते पडवीतून काढून पिंपात टाकलं. रोज पाणी ओतायचं, नवं भरायचं आणि संध्याकाळी पिंपापाशी उभं राहून एक तुकडा चावून कुंपणाकडे थुंकायचं. अकराव्या दिवशी चव गेली. अकराच दिवस लागले. तेव्हा मांडवात लावायला एक झाड उरलं नव्हतं.

उदयला मी सहा वर्षं काही सांगितलं नाही. त्याच्या पोराच्या मुंजीच्या आधी एकदा फोनवर तो म्हणाला, आई, बाबा शेवटी भ्रमिष्ट झाले ते बरंच झालं, त्यांना आपण सोडून आलोय हे तरी कळलं नाही. तेव्हा मला राहवेना. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सगुणा, खाडी, गावडे, बेळगावची ती रिकामी चिमूट.

तो म्हणाला, “आई, आपल्याला कसं कळणार होतं गं तेव्हा? ते तर नुसतं बरं म्हणत होते.”

“आपल्याला नको म्हणूस,” मी म्हटलं. “तुला नसतं कळलं. माझ्या तर ओठाला लावलं होतं त्यांनी.”

मी फोन ठेवला आणि भाताची शिट्टी झाली होती म्हणून आत गेले.